मॅडमचा तास: शाळेतल्या समुपदेशक बाईंबद्दल एका आईचा अनुभव

माझी लेक साताऱ्यातल्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत नववीला आहे. शाळेच्या समुपदेशक मॅडम दर मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी पावणेसातला मैदानावर तासभर मुलांना घेतात. पोरी त्याला नुसतं 'मॅडमचा तास' म्हणतात. आठ महिने लेक तिथे जातेय. एखाद्या आईबापाला उपयोग होईल म्हणून लिहिते.

आधीचं सांगायला हवं. आठवीच्या दुसऱ्या सहामाहीत तिचं पोट दुखायला लागलं. दर सोमवारी, आणि गणिताची चाचणी असेल त्या दिवशी. माझा डब्यांचा व्यवसाय, पहाटे साडेचारपासून मी ओट्याशी उभी. ही मोरीच्या दारात भिंतीला टेकून बसायची. हातपाय गार, छातीत धडधडतंय म्हणायची. रक्त तपासलं, सोनोग्राफी केली, काही निघालं नाही. घरात सगळे म्हणाले, शाळा बुडवायची नाटकं आहेत. मीही एकदा तसं बोलून गेले, ते अजून मनाला लागून आहे. शेवटी मुलांच्या डॉक्टरांनीच सुचवलं, शाळेत समुपदेशक असतील तर भेटा.

मला वाटलं होतं, खुर्चीत बसवून प्रश्न विचारतील. मॅडमनी पहिल्या दिवशी एवढंच विचारलं, "बूट आहेत ना पायात? चल, मैदानाला फेऱ्या मारू." चार फेऱ्या होईपर्यंत लेक गप्प होती म्हणे. पाचव्या फेरीत बोलायला लागली. समोर बसवलं की पोरं आवळून धरतात, बरोबर चालताना सुटी होतात, हे मॅडमनी मला नंतर सांगितलं. आता रविवारी आम्ही दोघी 'चार भिंती' या टेकडीवरच्या स्मारकापर्यंत चालत जातो. त्या चढावर ती जे बोलते, ते ताटावर बसून कधी बोलली नसती.

एका शुक्रवारी मी मुद्दाम कुंपणापाशी थांबून तास पाहिला. थोडी धाव, सूर्यनमस्कार, मग दोरीच्या उड्या. मिनिटभर उड्या झाल्या की सगळ्यांनी मानेवर दोन बोटं ठेवायची आणि पंधरा सेकंद ठोके मोजायचे. लेकीचे अडतीस भरले. चारने गुणून 152. मग पायरीवर बसून श्वास चार आकडे आत, सहा आकडे बाहेर. तीन मिनिटांनी पुन्हा मोजले तर सव्वीस, म्हणजे 104. दोन्ही आकडे तिने वहीत लिहिले. मॅडम तिच्याशेजारी बसून म्हणाल्या, "पेपरच्या दिवशी हेच होतं ना गं? हेच हृदय, हीच धडधड. आत्ता घाबरलीस का? वर गेली होती, तुझ्या बोटांखालीच खाली आली बघ."

हे मला फार पटलं. भीती वाटली की शरीर अ‍ॅड्रिनलिन नावाचं रसायन सोडतं, ठोके वाढतात, पोटात ढवळतं. मुलाला वाटतं आपल्याला काहीतरी भयंकर होतंय, आणि त्या वाटण्याची भीती आणखी वर चढते. ज्या पोरीने स्वतःच्या पायांनी ती धडधड शंभर वेळा वर नेली आणि खाली आणली, तिला ती ओळखीची होते. सहामाहीच्या गणिताच्या पेपरला लेक नेहमीसारखी मोरीच्या दारात बसली. पण बोटं मानेवर होती. ओठ हलत होते. थोड्या वेळाने उठली, डबा घेतला आणि गेली. पोटदुखी पूर्ण थांबलीय असं नाही, त्यानंतरही दोनदा शाळा बुडली. पण आता ती 'मला काहीतरी झालंय' म्हणत नाही, 'सुरू झालंय, थांब जरा' म्हणते.

मॅडम कुणाचं वजन करत नाहीत, कुणाचा नंबर काढत नाहीत. आधीच्या एका शाळेत शारीरिक चाचणीच्या दिवशी वजनं वर्गासमोर मोठ्याने वाचली होती. त्यानंतर लेकीने कितीतरी दिवस खेळाचा तास टाळला. इथे पाळीच्या दिवशी नुसतं 'आज चालते' म्हणायचं, कारण कुणी विचारत नाही. आपल्या माण तालुक्यातल्या मोही गावच्या ललिता बाबर 2016 साली रिओ ऑलिंपिकला स्टीपलचेसच्या, म्हणजे अडथळे ओलांडत धावायच्या, अंतिम शर्यतीत धावल्या, हे पोरींना मॅडमनीच सांगितलं. तेव्हापासून आमच्या घरी धावण्याबद्दलचं बोलणंच बदललं.

लेक काय बोलली ते मॅडम मला सांगत नाहीत. सुरुवातीला मला वाईट वाटलं. त्यांनी स्पष्ट केलं, जिवाला धोका असेल तर त्याच क्षणी कळवीन, बाकी तिचं तिच्याकडे. आणि दोरीच्या उड्यांनी सगळं बरं होतं असा त्यांचा दावा मुळीच नाही. ओळखीतल्या एका मुलाला झोपच येत नव्हती, त्याला त्यांनी थेट मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. खोलीच्या दारावर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर मोठ्या अक्षरात लावलाय.

तक्रारही आहे, आणि ती मॅडमबद्दल नाही. जानेवारीत दहावीच्या सराव परीक्षांसाठी हा तास तीन आठवडे बंद ठेवला. ज्या दिवसांत पोरांच्या पोटात गोळा येतो, नेमक्या त्याच दिवसांत! पाच ते सतरा वर्षांच्या मुलांना रोज सरासरी साठ मिनिटं दमवणारी हालचाल हवी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आमच्याकडे आठवड्याला दोनच तास, तेही आधी कापले जातात. सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2025 मध्ये शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थांना निदान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजसेवक नेमायला सांगितलंय. आमच्या शाळेत नेमणूक आहे, पण एकट्या बाईने किती पोरांना पुरायचं? पालकसभेत मी दुसऱ्या समुपदेशकाची मागणी लेखी दिली आहे, अजून उत्तर नाही.

वेगळी फी नाही, पालकांचं संमतिपत्र लागतं. पावणेसातला शाळेची गाडी नसते, आम्ही तीन घरं मिळून रिक्षा करतो. दोरी मात्र घरून द्या, शाळेतल्या दोऱ्या उंच पोरींना आखूड पडतात.