हेरिंगबोन, पॅरलल की रोटरी: वाढत्या कळपासाठी पार्लरची पारख

दुभत्या गाई साठच्या पुढे गेल्या की बकेट मशीन आणि गोठ्यातली पाइपलाइन दोन्ही अपुरी पडू लागतात. मग पार्लरचे, म्हणजे गाई रांगेने आणून मशीनने धार काढण्याच्या खास जागेचे, कॅटलॉग येतात, आणि प्रत्येक कॅटलॉगमध्ये 'तासाला इतक्या गाई' असा एक घसघशीत आकडा असतो. तो आकडा यंत्राचा असतो, माणसाचा नसतो. धार मशीन काढतं हे खरं, पण सड पुसून क्लस्टर, म्हणजे चार सडांचे चार कप, लावणारा हात माणसाचाच. पार्लरची सगळी पारख या हाताच्या वेगावर करायची.

दीडशे दुभत्या गाई, दोन वेळची धार आणि खड्ड्यात, म्हणजे गाईंच्या ओट्याशेजारी माणूस उभा राहतो त्या खोलगट जागेत, एक माणूस धरून हिशोब करू. चार गाईंचा गट घ्या. पहिल्या धारा काढून सड द्रावणात बुडवायला गाईमागे १२ सेकंद, म्हणजे चौघींना ४८. मग पहिलीपासून पुसत जायचं, प्रत्येकी ८ सेकंद, एकूण ३२. मग क्लस्टर लावायला प्रत्येकी १०. पहिल्या गाईच्या सडाला हात लागल्यापासून क्लस्टर चढेपर्यंत बरोबर ९० सेकंद होतात. पान्हा पुरता उतरायला हेच हवं, साधारण ६० ते १२० सेकंद. वेळ वाचेल म्हणून एकदम आठ गाईंचे सड बुडवून ठेवले तर हेच अंतर १७० सेकंदांवर जातं, पान्ह्याचा जोर ओसरू लागतो आणि कासेत दूध मागे राहतं. नंतर तक्रार मात्र मशीनची होते.

तयारीचे हे ३० सेकंद आणि गाई आत घेणं, धारेनंतर सड पुन्हा द्रावणात बुडवणं (डिप), बाहेर सोडणं यांचे साधारण १५, असे गाईमागे ४५ सेकंद लागतात. म्हणजे एक माणूस तासाला फार तर ८० गाई काढेल, मग पार्लरला जागा कितीही असोत. आता दोन बाजूंना आठ-आठ युनिटांचं पार्लर पाहा (एक युनिट म्हणजे एका गाईपुरतं मशीन). एका बाजूच्या आठ गाईंचं काम सहा मिनिटांत उरकतं आणि तोवर दुसऱ्या बाजूच्या बहुतेक गाई रिकाम्या होत आलेल्या असतात. तासाला साडेचार फेऱ्या धरल्या तर ७२ गाई, दीडशेला दोन तासांहून थोडं जास्त. त्याच माणसाला बारा-बारा युनिटं दिली तर एका बाजूला नऊ मिनिटं जातात, आणि सहा मिनिटांत आटोपलेल्या गाईच्या सडांवर मशीन तीन मिनिटं कोरडं ओढत राहतं. सडाचं टोक राठ होतं, छिद्राभोवती पांढरी कडी उठते आणि तिथूनच कासदाहाला वाट मिळते. एका माणसासाठी बारा-बाराचं पार्लर घेणं म्हणजे पैसे मोजून कासदाह विकत घेणं.

आता प्रकारांकडे.

टँडममध्ये गाय आडवी, एकटी उभी राहते. कास पूर्ण दिसते, जड धारेची गाय दुसरीला अडवत नाही. पण गाईमागे जवळजवळ अडीच मीटर खड्डा लागतो आणि माणसाची चालच संपत नाही. वाढत्या कळपाचं हे काम नाही.

पॅरललमध्ये गाय खड्ड्याकडे पाठ करून काटकोनात उभी राहते, जागा ७० ते ७५ सेंटिमीटर लागते. खड्डा आखूड, चाल कमी, क्लस्टर मागच्या पायांमधून पटकन लागतं. तोटे मात्र विक्रेता सांगत नाही. पुढचे सड नीट दिसत नाहीत, शेपटी मधे येते, शेण थेट हातावर पडतं. शिंगाची जनावरं इतक्या खेटून उभी करणं धोक्याचं, त्यामुळे मिश्र कळप किंवा म्हशी असतील तर हा विचार सोडून द्यावा. शिवाय सगळी रांग एकदम पुढे सुटावी लागते आणि त्यासाठी दोन्ही बाजूंना रुंद मोकळी जागा हवी. खड्ड्यात वाचलेला पैसा छपरात जातो.

रोटरीचं आकर्षण जुनं आहे. न्यू जर्सीतल्या प्लेन्सबरो इथे १९३० मध्ये पन्नास गाईंचा फिरता ओटा सुरू झाला होता. चाळीस जागांचा ओटा दहा मिनिटांत एक फेरी घेत असेल तर दर १५ सेकंदांनी एक जागा समोर येते, कागदावर तासाला २४० गाई. या १५ सेकंदांत पहिल्या धारा, पुसणं आणि क्लस्टर हे सगळं एका माणसाकडून होत नाही. आत शिरण्यापाशी दोघं, बाहेर पडण्यापाशी डिपसाठी एक, अशी तीन माणसं रोज हजर लागतात. चाकं, बेअरिंग आणि ज्यातून दूध-व्हॅक्यूम जातं तो मधला फिरता सांधा, यांतलं काहीही बिघडलं की सगळीच धार थांबते. तीनशे दुभत्यांच्या आत रोटरी घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

स्वतःच धार काढणाऱ्या रोबोची गोष्ट वेगळी. एक पेटी साधारण ५० ते ६० गाई सांभाळते, म्हणून साठाच्या सत्तर झाल्या की दुसऱ्या पेटीचा खर्च समोर उभा राहतो. मागचे सड एकमेकांना चिकटलेल्या गाई त्याला जमत नाहीत.

उरतं हेरिंगबोन, आणि वाढत्या कळपासाठी अजूनही तेच सरस. तीस अंशांच्या तिरक्या मांडणीत गाईमागे साधारण १.१५ मीटर खड्डा लागतो, बाजूने कास दिसते आणि खड्डा लांबवता येतो. यात दोन जाती. एकीत दोन्ही बाजूंना स्वतंत्र युनिटं आणि दुधाची लाइन गाईच्या पायांखाली. दुसऱ्या, स्विंग-ओव्हर जातीत मधोमध डोक्यावर लाइन आणि एकच युनिट आलटून पालटून दोन्ही बाजूंना. स्विंग-ओव्हरला युनिटं निम्मी, म्हणून स्वस्त वाटतं. पण एका बाजूची जड धारेची गाय समोरच्या बाजूच्या गाईलाही ताटकळत ठेवते. दूध वर चढवायचं म्हणून व्हॅक्यूमही जास्त ठेवावा लागतो, खालच्या लाइनला ४० ते ४४ किलोपास्कल तर वरच्या लाइनला ४६ ते ५०. लायनरचा, म्हणजे कपात सडाभोवती बसणाऱ्या रबराचा, हिशोबही करून पाहा. रबरी लायनर २५०० धारांना बदलायचा. दीडशे गाई, दोन वेळा, १६ युनिटं असतील तर १३३ दिवसांनी संच बदलावा लागेल. आठ युनिटांच्या स्विंग-ओव्हरला तोच ६६ दिवसांनी. वर्षाला रबर तेवढंच जळतं.

म्हणून शिफारस अशी: आठ-आठ युनिटांचं खालच्या लाइनचं हेरिंगबोन, पण इमारत आणि खड्डा बारा-बाराचा. खड्डा ९.२ मीटरऐवजी १३.८ मीटरचा आजच खणून ठेवा. दुसरा माणूस मिळाला की चार-चार युनिटं वाढवायची. इथे बहुतेक जण एका गोष्टीत फसतात, ती म्हणजे लाइनचा उतार. दुधाच्या नळीला रिसीव्हरकडे, म्हणजे दूध जमा होणाऱ्या भांड्याकडे, मीटरला एक ते दीड सेंटिमीटर उतार लागतो. नंतर ४.६ मीटर नळी जोडली की तिचं वरचं टोक आणखी पाच ते सात सेंटिमीटर चढतं आणि जागा नसेल तर सरळ ओट्याला भिडतं. मग फिटर उतार कमी करून वेळ भागवतो. नळीत दूध तुंबतं, क्लॉमधला, म्हणजे चारही कपांचं दूध एकत्र येतं त्या भागातला, व्हॅक्यूम हेलकावे खातो आणि क्लस्टर गळून पडतात. रिसीव्हरची पातळी पहिल्याच दिवशी पुऱ्या लांबीच्या हिशोबाने ठरवा.

पंपाच्या कोटेशनमध्ये अश्वशक्ती लिहिलेली असते, ती वाचून काही कळत नाही. चालू व्हॅक्यूमवर मिनिटाला किती लिटर हवा ओढतो ते लिहून मागा. ठोकताळा असा: १००० लिटर, अधिक युनिटमागे ८५. सोळा युनिटांना २३६०, चोवीसला ३०४०. पंप चोवीसचाच घ्या आणि त्याला वेग कमी-जास्त करणारा ड्राइव्ह लावा, म्हणजे आज वीज वाया जाणार नाही.

पैसे कमी पडत असतील तर दूधमापक, आकडे दाखवणारे पडदे, गळ्यातले टॅग यांना कात्री लावा. वायरींसाठी रिकामे पाइप मात्र भिंतीत टाकून ठेवा. क्लस्टर आपोआप सुटण्याची सोय कापू नका. एका माणसाच्या पार्लरमध्ये कोरडं ओढणं तीच थांबवते. पल्सेटर, म्हणजे लायनरची उघडझाप करणारा भाग, मिनिटाला ६० ठोके, ओढ आणि विसावा ६०:४० किंवा ६५:३५ या प्रमाणात. याहून जास्त चर्चा त्यावर नको.

पार्लरबाहेरचं आवार विक्रेत्याच्या नकाशात बहुधा नसतंच. गाय तिथे तासाभराहून जास्त ताटकळू नये, म्हणून दीडशेचे दोन गट करा आणि ७५ गाईंना दीड चौरस मीटरप्रमाणे साधारण ११५ चौरस मीटर जागा धरा. जमीन पार्लरकडे किंचित चढती ठेवा, गाई आपोआप तोंड तिकडे करून उभ्या राहतात. दारात वळण, पायरी किंवा अंधार असेल तर प्रत्येक फेरीला मिनिटभर जातं.

बिल चुकतं करण्याआधी दोन तपासण्या तुमच्यासमोर होऊ द्या. सगळी युनिटं चालू असताना एका युनिटचे चारही कप हवेत उघडे सोडायचे. रिसीव्हरजवळचा व्हॅक्यूम दोन किलोपास्कलहून जास्त पडता कामा नये. दुसरी, जोरात दूध उतरत असताना क्लॉमधला व्हॅक्यूम मोजायचा, तो सरासरी ३५ ते ४२ किलोपास्कल हवा. धुण्याची फेरीही थर्मामीटर घेऊन पाहा: आधी कोमट पाण्याने खंगाळणं, मग ७० ते ७५ अंशांचं अल्कली द्रावण. ते परत येताना ४० अंशांखाली गेलं तर वितळलेली चरबी पुन्हा नळीला चिकटते. अशा वेळी गीझर लहान पडतोय हे समजावं.

गाईंना नवी जागा कळायला आठवडा जातो. मशीन न लावता, पंप आणि पल्सेटर चालू ठेवून तीन-चार दिवस त्यांना नुसतं आतून फिरवा. पहिलारू कालवडींना विण्याआधीच दोन आठवडे हा फेरा घडवावा आणि सवय होईपर्यंत त्यांना शांत, जुन्या गाईंच्या मधोमध आत घ्यावं.