स्क्रीन, डीटीएफ, डीटीजी की सब्लिमेशन? ग्रुपच्या टी-शर्टांचा वर्षभर वापरून आलेला अनुभव

आमच्या ट्रेक ग्रुपमध्ये दरवर्षी टी-शर्टची ऑर्डर निघाली की वाद ठरलेला, प्रिंट कुठला करायचा. माझ्याकडे चारही प्रकारचे टी-शर्ट आहेत, गेल्या पावसाळ्यापासून आलटून पालटून घालतोय, राजगड-हरिश्चंद्रगडला पण आणि घरी पण, आणि सगळे एकाच वॉशिंग मशीनमध्ये धुतले जातात, त्यामुळे आता ठामपणे सांगतो. एकच डिझाईन, दोन-तीन रंग आणि पीस भरपूर असतील तर डोळे झाकून स्क्रीन प्रिंट करा.

माझा काळा स्क्रीन प्रिंटवाला टी-शर्ट सगळ्यात जास्त वापरलाय. कापडाचा काळा रंग थोडा उतरलाय पण वरचं पांढरं अक्षर जसंच्या तसं आहे. यात जाळीच्या फ्रेममधून इंक कापडावर दाबून उतरवतात आणि प्रत्येक रंगाला वेगळी फ्रेम लागते, म्हणून पाच-सात पीससाठी कोणी हात लावत नाही किंवा लावलाच तर भाव परवडत नाही, पण पीस वाढले की फ्रेमचा खर्च सगळ्यांत वाटला जातो. एक गोष्ट मात्र प्रिंटरला विचाराच, क्युअरिंग, म्हणजे इंक तापवून पक्की करणं, कसं करतो. प्लास्टिसॉल इंक (स्क्रीन प्रिंटमध्ये वापरतात ती प्लास्टिकवाली इंक) साधारण १६० डिग्री सेल्सिअसला पूर्ण पक्की होते, घाईत कच्ची राहिली तर दिसायला तशीच दिसते पण काही धुण्यांत तडे जातात. हातात आल्यावर प्रिंट हलका ताणून बघायचा, नीट भाजलेला असेल तर ताणला जाऊन परत जागेवर येतो, कच्चा असेल तर तिथेच चिरा दिसतात.

डीटीएफ सध्या गल्लोगल्ली झालंय. फिल्मवर प्रिंट, मागे गोंदाची पावडर, आणि मग हीट प्रेसने टी-शर्टवर चिकटवायचं. एक पीस पण मिळतो, फोटो असो की पन्नास रंग, काही फरक पडत नाही, आणि पहिल्या दिवशी सगळ्यात झकास हाच दिसतो. पण माझ्या डीटीएफ टी-शर्टवर पाठभर डोंगराचं चित्र होतं आणि वर रकसॅक, तर मे महिन्यात त्या चित्राच्या खाली घाम नुसता साठून राहतो, कारण तो एक सलग प्लास्टिकचा थर आहे, हवा जातच नाही. दुसरं म्हणजे आपल्या देवनागरीचा प्रॉब्लेम. मोठी अक्षरं अजून घट्ट आहेत पण अनुस्वाराचे टिंब आणि रफाराचं बारीक टोक आधी सुटायला लागलं, कारण एवढ्याशा तुकड्याखाली गोंद किती असणार! इंग्रजी जाड अक्षरांत हे जाणवत नाही. त्यामुळे डीटीएफ करायचं असेल तर फॉन्ट जाड घ्या, टिंब मोठे ठेवा, आणि सलग चौकोन टाकण्यापेक्षा मधे मधे कापड दिसेल असं डिझाईन करा.

डीटीजी म्हणजे प्रिंटरसारखं थेट कापडावर. ऑनलाईन एकेक पीस बनवून देणाऱ्यांकडे हा प्रकार बऱ्याचदा असतो. हाताला सगळ्यात मऊ लागतो, पांढऱ्या कॉटनवर तर प्रिंट आहे हेच कळत नाही. गडद रंगावर मात्र आधी केमिकल मारून मग खाली पांढरी इंक द्यावी लागते, आणि माझा नेव्ही ब्लू तिथेच मागे पडला. जवळून बघितलं तर प्रिंट निघालेला नाहीये, कापडाचे बारीक तंतू प्रिंटमधून वर आलेत आणि त्यामुळे सगळं चित्र धुरकट दिसतं. फोटो हवाय, एकच पीस हवाय, कापड फिक्कं आहे, तर हाच घ्या.

सब्लिमेशनबद्दल एवढंच की प्रिंट मरेपर्यंत जात नाही, कारण रंग वाफ होऊन धाग्यातच शिरतो, तडे नाहीत, सोलणं नाही, क्रिकेटच्या जर्सी म्हणूनच तशा करतात. पण पॉलिस्टरच लागतं आणि तेही पांढरं किंवा फिक्कं. पावसात पटकन वाळतो हे खरं, पण दोन दिवसांच्या ट्रेकला दुसऱ्या दिवशी जो वास येतो तो कॉटनला येत नाही. कॉटनवर कोणी करून देतो म्हणाला तर तिथून निघा, साध्या कॉटनवर तो रंग धुण्यात उतरतो.

कुठलाही प्रिंट असो, उलटा करून गार पाण्यात धुवा, सावलीत वाळवा, आणि स्क्रीन किंवा डीटीएफवर थेट इस्त्री फिरवू नका, गरम झाला की थर मऊ पडतो आणि इस्त्रीला चिकटतो.

यंदा आम्ही १८० जीएसएमच्या (चौरस मीटरला १८० ग्रॅम वजनाच्या) कॉटनवर पुढे छोटा लोगो आणि मागे खांद्याजवळ दोन रंगांत ग्रुपचं नाव, दोन्ही स्क्रीन, अशी ऑर्डर दिलीये. ज्यांना स्वतःचं नाव हवंय त्यांचं बाहीवर डीटीएफने, तिथे सॅकचा पट्टा घासत नाही.