माझेच पाच हजार, माझीच चार गाणी

आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, दुसऱ्या दिवशी सकाळीच अमळनेर तालुक्यातून मावसबहिणीचा फोन आला. झोक्यावर गाणाऱ्या बायांचा व्हिडिओ तिने आदल्या संध्याकाळी यूट्यूबवर टाकला होता. निंबाच्या फांदीला दोर, माहेरी आलेल्या पाच-सहा लेकीबाळी आणि पुढे होऊन गौराईचं गाणं म्हणणारी माझी मावशी. "दादा, कॉपीराइटचं काहीतरी आलंय. गाण्याचा मालक म्हणून त्या कंपनीचं नाव दिसतंय आणि गायक म्हणून तुझं."

ते गाणं मावशीला माझ्या आजीने शिकवलेलं. आजीला कोणी शिकवलं हे आजीलाही सांगता आलं नसतं. त्या गाण्याला मालक मिळाला तो माझ्या एका सहीमुळे. आपल्याकडे गाणी लिहिणारी, गिटार घेऊन बसणारी पोरं आता बरीच झालीत. त्यांच्यातल्या कोणाच्या हातात उद्या तसाच कागद पडेल म्हणून ही सगळी कथा लिहितोय, माझा मूर्खपणा न लपवता.

मी जळगावचा. दिवसा एका दुकानाचे हिशेब बघतो, रात्री गाणी करतो. अहिराणीत आणि मराठीत स्वतः लिहायचं, स्वतःच चाल लावायची, गिटार आणि ढोलकीवर गायचं. याला फोक रॉक म्हणतात हे मला लोकांनी सांगितलं. लग्नाच्या बँडवर धुमाकूळ घालणारी अहिराणी गाणी मलाही आवडतात, नाचलोय मी त्यांच्यावर. पण मला बसून ऐकायचं गाणं करायचं होतं.

२०२१ च्या मे महिन्यात चार गाणी रेकॉर्ड केली, घरातच. भिंतींना गाद्या उभ्या केल्या, खिडकीला गोधडी लावली. पंख्याचा आवाज माइकमध्ये येतो म्हणून पंखा बंद. जळगावचा मे आणि पंखा बंद! प्रत्येक टेकनंतर गिटारची मान टॉवेलने पुसावी लागायची, नाहीतर बोटं तारांवरून घसरायची. एका गाण्यात शेवटी भुसावळकडे जाणाऱ्या मालगाडीचा भोंगा आलाय, तो मी मुद्दाम ठेवला. मिक्सिंग पुण्याच्या एका मित्राने बारा हजारांत करून दिलं. तीन गाणी माझी, चौथं आजीचं.

डिसेंबरात त्या माणसाचा फोन आला. कंपनी मुंबईची, पण माणूस आपल्याकडचा. पहिलंच वाक्य अस्सल अहिराणीत, "काय भाऊ, काय चालनं?" मी तिथेच अर्धा विरघळलो. पुण्या-मुंबईच्या लोकांना आधी अहिराणी म्हणजे काय हे समजवावं लागतं, आणि इथे समोरचा माझ्या गाण्यातली ओळ मला म्हणून दाखवत होता. आठवडाभराने तो जळगावात आला. भरिताचे दिवस होते. शेतात मित्राने पार्टी ठेवली होती, तिथेच त्याला नेलं. तुराट्यांवर भाजलेल्या वांग्यांचं भरीत, कळण्याच्या पुऱ्या, हिरव्या मिरचीचा ठेचा. तो पोटभर जेवला, आईची चौकशी केली, गाणी ऐकून डोळे मिटले. खर्च अर्थातच आमचा.

त्याचं पॅकेज पंचवीस हजारांचं होतं. सगळ्या अ‍ॅप्सवर गाणी, प्लेलिस्टमध्ये जागा, पेपरात बातमी. वर तीन हजार बहिणाबाईंच्या कवितेच्या परवानगीचे, कारण पुढच्या खेपेला मला त्यांची एक कविता गायची होती. आसोदं, बहिणाबाईंचं माहेर, माझ्या घरापासून चार-पाच मैलांवर, आणि बहिणाबाई गायची परवानगी मी मुंबईच्या माणसाकडून विकत घेतली! बहिणाबाई १९५१ साली गेल्या. त्यांच्या कविता पुस्तकरूपाने १९५२ साली आल्या. मरणोत्तर छापलेल्या साहित्याचा हक्क छपाईच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं टिकतो, म्हणजे त्या कवितांवरचा २०१२ अखेर संपला. चाल आपली असेल तर कोणाला छदाम द्यायची गरज नव्हती. सिनेमातली चाल घेतली तर गोष्ट वेगळी. हे मला नंतर वकिलांनी सांगितलं. पावती मागितली होती तेव्हा तो म्हणाला होता, "लायसन्सची पावती नसते, भाऊ."

पैसे भरल्यावर चार दिवसांनी त्याने माझ्या खात्यावर पाच हजार पाठवले. "रॉयल्टीचा अ‍ॅडव्हान्स, कंपनीचा तुझ्यावर विश्वास." मी आईला पेढे आणले. मग शंभराच्या स्टॅम्पवर करार आला, अकरा पानं, इंग्रजीत. तो म्हणाला, फॉर्मॅलिटी आहे, कुरिअरवाला खाली थांबलाय. मी प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात सही केली. ते पाच हजार म्हणजे चार गाण्यांची किंमत होती. कराराच्या तिसऱ्या पानावर तसं लिहिलेलं होतं : पाच हजार रुपये मोबदला मिळाला, त्या बदल्यात शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण यांचे सगळे हक्क जगभरासाठी, कायमचे कंपनीला दिले. माझ्याच अठ्ठावीस हजारांतले पाच मला परत देऊन माझीच गाणी घेतली. हिशेब लिहिणारा माणूस मी!

तिथे एक तक्ता होता, प्रत्येक गाण्यापुढे "मूळ रचना" आणि "पारंपरिक" असे दोन रकाने. आजीच्या गाण्यापुढे मी पारंपरिकवर खूण केली होती. त्याने फोनवर सांगितलं, पारंपरिक लिहिलं तर सिस्टीम घेत नाही, मूळ रचना कर. मी खोडून दुसरीकडे खूण केली आणि शेजारी सहीसुद्धा केली. फसवणूक त्याची असेल, पण ती खूण माझी आहे.

गाणी फेब्रुवारीत आली. नऊ दिवसांत दोन लाख अकरा हजार व्ह्यूज. मी हवेत. पण एरंडोल, चोपडा, शिरपूर, कुठूनही कोणी फोन केला नाही. लाइक साडेतीनशे, कमेंट्स सगळ्या अंगठ्याच्या नाहीतर आगीच्या चित्रांच्या, अहिराणीत एकही नाही. विकत घेतलेले आकडे असेच दिसतात. महिनाभराने निम्मे गायब झाले. विचारलं तर म्हणे अल्गोरिदम. पेपरातली बातमी आलीच नाही, आणि तो आता मराठीतही बोलेनासा झाला. हिंदीत उत्तरं यायची, तीही दोन-दोन दिवसांनी.

श्रावणात कानबाईच्या उत्सवातल्या कार्यक्रमात माझंच एक गाणं गायलो आणि व्हिडिओ माझ्या चॅनलवर टाकला. दुसऱ्या दिवशी त्यावर कंपनीचा दावा. यूट्यूबची एक यंत्रणा आहे, कंटेंट आयडी. कंपनी तिथे गाण्याची फाइल देऊन ठेवते. जगात कुठेही तो आवाज किंवा ती चाल जुळली, की दावा आपोआप लागतो आणि जाहिरातीचे पैसे दावेदाराकडे वळवता येतात. मी हरकत घेतली. उत्तर द्यायला दावेदाराला ३० दिवस असतात, नाही दिलं तर दावा सुटतो. मी दिवस मोजत होतो. अठ्ठाविसाव्या दिवशी त्यांनी हरकत फेटाळली. पुढे अपील करता येतं, पण मग ते व्हिडिओच काढून टाकायची मागणी करू शकतात, त्यातून चॅनलवर स्ट्राइक, म्हणजे यूट्यूबची ताकीद, बसतो, आणि ९० दिवसांत तीन झाले तर चॅनल जातं. मी घाबरलो. गप्प बसलो.

मावशीच्या व्हिडिओने मला उठवलं. स्वतःचं गेलं ते गेलं, पण झोक्यावरच्या बायांकडून वसुली? ज्यावर आपला एकट्याचा हक्क नाही ते त्या यंत्रणेत टाकूच नये, असा तिथलाच नियम आहे. तो मोडायला लागणारा पुरावा मी सही करून पुरवला होता.

जळगावातल्या वकिलांनी अकरा पानं एका बैठकीत वाचली. बैठकीची फी दीड हजार. सहीच्या आधी गेलो असतो तरी तेवढीच होती. त्यांनी दोन जागा दाखवल्या. करारात लिहिलं होतं की गीतकार-संगीतकार म्हणून मी पुढे काहीही मागणार नाही. ते टिकत नाही, म्हणाले. २०१२ च्या दुरुस्तीनंतर ध्वनिमुद्रणातल्या शब्द-चालीच्या रॉयल्टीतला समान वाटा लेखकाला सोडूनच देता येत नाही, तो वारसाला किंवा कॉपीराइट सोसायटीला, म्हणजे लेखकांच्या वतीने रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेला, देता येतो, बस. दुसरं, करारात मुदत लिहिलेली नसती तर कायद्याने ती पाच वर्षं धरली असती. म्हणून तर त्यांनी "कायमचे" हा शब्द आठवणीने घातला होता. तुमच्या कागदावर तो शब्द आधी शोधा, मग रक्कम, मग बाकीचं. आणि गाणी अ‍ॅप्सवर टाकायलाच कोणी हवा असेल तर हक्क द्यावे लागत नाहीत. ठरावीक फी किंवा कमाईतला हिस्सा घेऊन गाणी नुसती पोचवणाऱ्या सेवा आहेत. मला हे ठाऊक नव्हतं आणि विचारायची लाज वाटली होती.

नोटीस गेली. सोबत मी लिहून दिलं की चौथं गाणं माझं नाही, परंपरेचं आहे, मी चुकीची खूण केली. गावातल्या तीन म्हाताऱ्यांची प्रतिज्ञापत्रं जोडली. एकीने अंगठा दिला आणि नोटरीसमोर सगळं गाणं म्हणून दाखवलं, त्याने मागितलं नव्हतं तरी. दीड महिन्याने आजीच्या गाण्यावरचा दावा त्यांनी मागे घेतला. माझी तीन गाणी अजून त्यांच्याकडेच आहेत. अठ्ठावीस हजारांचं नाव कोणी काढत नाही. रॉयल्टीचा पहिला हिशेब आला, त्यात मालगाडीच्या भोंग्यावाल्या गाण्याचे एकशे बारा रुपये आहेत.

यंदा आखाजीला मी गावी गेलो. बहिणीने मोबाइल समोर धरला, झोका थांबला आणि मावशी माझ्याकडे बघून म्हणाली, "आते कोनले ईचारीसन गावानं, भाऊ?"

मी म्हटलं, म्हण तू. तिने पूर्ण म्हटलं. त्यात दोन कडवी अशी होती जी मी कधी ऐकलीच नव्हती.