अमेरिकेची व्हीएचएस कॅसेट, पुण्यात डिजिटल

आत्तेभावाची मुंज न्यू जर्सीत झाली, 1991 साली. मुंजीची कॅसेट अर्थातच एनटीएससी, म्हणजे अमेरिकेतल्या टीव्ही-व्हिडिओ पद्धतीची: चित्रात 525 रेषा, सेकंदाला जवळपास 30 फ्रेम. आपल्याकडची पद्धत पाल, म्हणजे 625 रेषा आणि 25 फ्रेम. टेपचा वेगसुद्धा वेगळा.

डिजिटल करायला आधी एका चकाचक दुकानात दिली होती. त्यांनी मुंज कृष्णधवल करून हातात ठेवली आणि वर ‘जुनी कॅसेट आहे मॅडम’ म्हणून मोकळे! कॅसेट ठणठणीत होती. त्यांचा व्हीसीआर ती ‘पाल 60’ करून बाहेर टाकत होता, म्हणजे रेषा 525च, पण रंगाचा सिग्नल पालसारखा 4.43 मेगाहर्ट्झवर. टीव्हीला हे चालून जातं, पण व्हिडिओ कॉम्प्युटरमध्ये उतरवणाऱ्या बऱ्याच कॅप्चर कार्डांना रंगच सापडत नाही.

मग पेठेत कॅसेट डिजिटल करून देणाऱ्या या काकांकडे गेले. त्यांच्याकडे खरा मल्टिसिस्टिम व्हीसीआर आहे, म्हणजे एनटीएससी कॅसेट एनटीएससीतच चालवणारा. त्यांनी आधी विचारलं, “कुठे शूट केलंय?” मग व्हीसीआरचं हेड साफ करून एस-व्हिडिओ केबलने थेट एनटीएससीच्याच 720 बाय 480 पिक्सेलमध्ये उतरवलं. 25 फ्रेममध्ये बदलून द्यायला ठाम नकार. हलत्या दृश्यात धक्के बसतात म्हणे. बरोबरच आहे. बटूच्या पितांबराचा पिवळा आणि आत्याच्या पैठणीचा जांभळा अगदी स्वच्छ दिसतोय. आवाजात थोडी खरखर आहे, ती मूळचीच.

दर जरा चढेच, पावती मागितल्याशिवाय मिळत नाही, आणि दुपारी एक ते चार फोन उचलतील अशी आशा ठेवू नका. पेन ड्राइव्ह आपलाच न्यायचा. परदेशातली कॅसेट असेल तर मात्र इथेच द्या.