आईचे वैद्यकीय इच्छापत्र : नोटरी आणि महापालिकेतील नोंदणीचा आमचा अनुभव

गेल्या वर्षी माझ्या आईने वयाच्या ७८व्या वर्षी आपले वैद्यकीय इच्छापत्र केले आणि तिच्यापाठोपाठ मीही माझे केले. मसुदा तयार करण्यापासून महापालिकेच्या कार्यालयात प्रत जमा करून पोच घेईपर्यंतची सगळी कामे मी स्वतः केली असल्यामुळे, ही सेवा आज प्रत्यक्षात कशी मिळते आणि तिच्यात कुठे उणे आहे, हे सविस्तर लिहीत आहे. घरदार, दागिने कोणाला द्यायचे या मृत्युपत्राशी याचा संबंध नाही. मृत्युपत्र माणूस गेल्यावर उघडले जाते. कोणते उपचार हवेत आणि कोणते नकोत हे आधीच लिहून ठेवणारे हे इच्छापत्र माणूस जिवंत असताना, पण स्वतःचा निर्णय स्वतः सांगता येत नसताना उपयोगी पडते.

आम्ही याकडे वळलो ते बाबांच्या शेवटच्या आजारपणामुळे. मेंदूत रक्तस्राव झाल्यानंतर ते २३ दिवस अतिदक्षता विभागात व्हेंटिलेटरवर होते. रोज सकाळी आमच्यापैकी एकाला आत बोलावले जाई, एखादा कागद पुढे केला जाई आणि आम्ही सही करत असू. गळ्याला छिद्र पाडून नळी बसवण्याच्या संमतिपत्रावर माझी सही आहे. ती करताना मला एकच प्रश्न छळत होता, की बाबांना हे चालले असते का. बाबांशी या विषयावर कोणी कधी बोललेच नव्हते, त्यामुळे उत्तर कोणाकडेच नव्हते. भाऊ म्हणत होता की शेवटपर्यंत प्रयत्न करायचे, मी म्हणत होते की आता पुरे, आणि आई दोघांकडे पाहत गप्प बसून होती.

अरुणा शानबाग यांचे नाव महाराष्ट्रात कोणाला नव्याने सांगायला नको. मुंबईच्या केईएम रुग्णालयात परिचारिका असताना झालेल्या हल्ल्यानंतर त्या तिथेच सुमारे ४२ वर्षे अचेतन अवस्थेत होत्या आणि १८ मे २०१५ रोजी गेल्या. त्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये जो विचार मांडला, तो पुढे ९ मार्च २०१८ रोजी घटनापीठाच्या निकालात स्पष्ट झाला : सन्मानाने मरण्याचा हक्क हा घटनेच्या कलम २१ मधील जगण्याच्या हक्काचाच भाग आहे आणि प्रौढ, सुजाण व्यक्तीला आपल्या उपचारांविषयी आगाऊ लिहून ठेवता येते. मात्र त्या वेळी ठरलेली पद्धत इतकी अवघड होती, की सामान्य माणूस तिच्या वाटेला जाणे कठीण होते. कागदावर प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी लागत असे. २४ जानेवारी २०२३ च्या आदेशाने ही अट गेली. आता दोन साक्षीदारांसमोर सही करून ती नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित करून घेतली की पुरते. या एका बदलामुळे आईचे काम होऊ शकले, हे मी कृतज्ञतेने नोंदवते.

आता प्रत्यक्ष अनुभव. सगळ्यांत जास्त वेळ मसुद्याला लागला आणि तो लागायलाच हवा होता. ओळखीतून मिळालेल्या तयार नमुन्यात ‘मी सर्व जीवरक्षक उपचार नाकारते’ असे एकच वाक्य होते. आईने चष्मा पुसून ते दोनदा वाचले आणि विचारले, “म्हणजे मला उद्या न्यूमोनिया झाला तर सलाईनसुद्धा लावणार नाहीत का?” तिचा प्रश्न अगदी रास्त होता. आमच्या कुटुंबाच्या डॉक्टरांनी दवाखाना संपल्यावर तासभर बसून तिला समजावले. “काकू, तुम्ही बऱ्या होणार असाल तर हा कागद कोणी बघणारही नाही,” ते म्हणाले. आजार असाध्य असेल, उपचार लांबलेले असतील, बरे होण्याची आशा उरलेली नसेल आणि रुग्णाला स्वतः निर्णय घेता येत नसेल, तरच हे पत्र लागू होते. तेव्हासुद्धा एकटा डॉक्टर काही ठरवत नाही. उपचार करणारा डॉक्टर आणि किमान पाच वर्षांचा अनुभव असलेले दोन तज्ज्ञ यांचे पहिले मंडळ मत देते, त्यानंतर जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांनी सुचवलेल्या डॉक्टरचा समावेश असलेले दुसरे मंडळ ते तपासते, दोन्ही मंडळांनी शक्यतो ४८ तासांत मत द्यावे अशी अपेक्षा आहे आणि उपचार थांबवण्यापूर्वी रुग्णालयाने न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवावे लागते. हे ऐकल्यावर आईच्या चेहऱ्यावरचा ताण उतरलेला मी पाहिला.

मग एकेक गोष्ट नावानिशी लिहिली. हृदय बंद पडल्यास छाती दाबून ते पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न, व्हेंटिलेटर, डायलिसिस, नाकातून नळीने अन्न, यांतल्या प्रत्येकाविषयी तिने आपले मत सांगितले. नळीच्या अन्नाला ती बराच वेळ अडली. “उपाशी ठेवल्यासारखं होईल का गं?” असे तिने मला विचारले आणि मला लगेच उत्तर देता आले नाही. शेवटी तो निर्णय तिने डॉक्टरांशी आणखी एकदा बोलून, आठ दिवसांनी घेतला. वेदना कमी करणारी औषधे शेवटपर्यंत द्यावीत आणि शक्य असेल तर घरी न्यावे, ही दोन वाक्ये तिने स्वतःच्या शब्दांत घातली. पत्र संदिग्ध असेल तर वैद्यकीय मंडळे ते अमलात आणत नाहीत, त्यामुळे गुळगुळीत भाषेतला तयार नमुना जसाच्या तसा कोणी वापरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आपल्या वतीने निर्णय कळवणाऱ्या व्यक्तींची नावेही पत्रात द्यावी लागतात. आईने माझ्याबरोबर भावाचे नाव घातले. मला आधी ते पटले नव्हते, पण तिचे बरोबर होते. बाबांच्या वेळी ज्या दोघांचे पटले नाही, त्या दोघांनाही आता तिच्या तोंडून एकच गोष्ट ऐकायला मिळाली होती.

नोटरीचे काम अर्ध्या तासात झाले. त्यांनी असा दस्तऐवज यापूर्वी केला नव्हता, त्यामुळे प्रथम ते मृत्युपत्राचाच मजकूर समजून वाचत होते. २०२३ च्या आदेशाची छापील प्रत मी बरोबर नेली होती, ती पाहून त्यांनी शिक्का मारला. स्टॅम्प पेपर हवाच, असा त्यांचा आग्रह होता. आदेशात तशी अट नाही, पण आईला जिने चढउतार करायला लावून वाद घालण्यापेक्षा मी तो घेतला. साक्षीदार म्हणून शेजारचे दोघे आले. नातेवाईक नसलेले साक्षीदार घेणे केव्हाही चांगले.

महापालिकेतला अनुभव मात्र मनाला लागला. न्यायालयाच्या आदेशानुसार पत्राची एक प्रत स्थानिक स्वराज्य संस्थेने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, म्हणजे अभिरक्षकाकडे, राहायला हवी. महाराष्ट्रात हे अधिकारी आपोआप नेमले गेले नाहीत. मुंबईचे स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. निखिल दातार यांनी उच्च न्यायालयात दाद मागितली आणि त्यानंतर नेमणुका झाल्या. शेजारच्या गोव्यात २०२४ मध्ये न्यायमूर्ती महेश सोनक यांनी स्वतःचे पत्र नोंदवून राज्यातील पहिली नोंद केली, तेव्हा निदान लोकांना ही सोय असल्याचे कळले. आमच्या शहरातील कार्यालयात मला जन्म-मृत्यू नोंदणीच्या खिडकीवरून आरोग्य विभागात आणि तिथून आवक-जावक टेबलाकडे पाठवण्यात आले. तिसऱ्या खेपेला संबंधित अधिकारी भेटले. ते अतिशय सौजन्याने वागले, त्यांनी प्रत घेतली, माझ्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घालून दिला आणि लिफाफा लोखंडी कपाटात ठेवला. रात्री दोन वाजता रुग्णालयाला खातरजमा करायची झाली तर कोणाला फोन करायचा, असे मी विचारले. त्यांनी कार्यालयाची वेळ सांगितली. त्या अधिकाऱ्यांचा यात काही दोष नाही, परंतु संगणकावर शोधता येणारी नोंद नसेल तर ऐन वेळी ही सोय अपुरी पडणार, आणि ती व्हावी म्हणून मी लेखी विनंती अर्ज देऊन आले आहे.

तोपर्यंत भिस्त घरच्यांवरच आहे. मूळ पत्र आईच्या औषधांच्या डब्याशेजारी, तिच्या तपासण्यांच्या फाइलमध्ये सगळ्यांत वर ठेवले आहे. साक्षांकित प्रती डॉक्टरांकडे, भावाकडे आणि माझ्याकडे आहेत. फोटो आम्हा दोघांच्या फोनमध्ये आहेत. मत बदलले तर पत्र केव्हाही रद्द करता येते किंवा बदलता येते, मात्र ते लेखी आणि याच पद्धतीने करावे लागते. नळीच्या अन्नाबद्दल तिने या दिवाळीत मला पुन्हा एकदा विचारले. डॉक्टरांची पुढच्या आठवड्याची वेळ घेतली आहे. तिला तो परिच्छेद बदलायचा असेल तर नोटरीकडे आम्ही परत जाऊ.