घुंईं कुणाला ऐकवायची: सर्व्हिस सेंटरला की उद्यमनगरात?

निपाणी सोडून तवंदी घाट चढलो आणि ऐंशीच्या पुढे गाडीत ‘घुंईं’ सुरू झालं. टायरचा असेल म्हणत बेंगळुरू करून आलो, आवाज सोबतच. कोल्हापुरात परतल्यावर प्रश्न नेहमीचाच: कंपनीचं सर्व्हिस सेंटर की कारखाने-गॅरेजांच्या उद्यमनगरातला मिस्त्री? मी दोन्ही करून बघितलं.

वॉरंटी शिल्लक असेल किंवा एबीएस, एअरबॅगचा दिवा लागला असेल, तर सर्व्हिस सेंटरच बरं. स्कॅनर लावून नेमकं सांगतात. पण घुंईंला दिवा नसतो.

माझी गाडी घेऊन त्यांचा माणूस एकटाच सर्व्हिस रोडला फेरी मारून आला. मी काचेआड चहा पीत बसलेलो. आवाज येतो ऐंशीला, तिथं चाळीसच्या वर कोण नेणार? जॉब कार्डवर शेरा: ‘आवाज आढळला नाही.’ वर अलाइनमेंट, बॅलन्सिंगचं बिल. बिलाचं एवढं नाही हो. मला शेजारी बसवलं असतं तर ‘हा बघा, आत्ता’ एवढंच म्हणालो असतो. ते अजून डोक्यातनं जात नाही.

उद्यमनगरातला मिस्त्री हात पुसत थेट शेजारच्या सीटवर. “चालवा की साहेब, मी ऐकतो.” तावडे हॉटेलवरनं हायवेला लागलो. ऐंशीला गिअर न्यूट्रल करायला लावला. इंजिन शांत झालं, घुंईं तशीच. म्हणजे इंजिनवरचा संशय सुटला. मग मोकळा रस्ता बघून स्टिअरिंग किंचित उजवीकडे: आवाज वाढला. डावीकडे: कमी. उजवीकडे वळताना भार डाव्या चाकांवर येतो, म्हणून संशय डाव्या बेअरिंगवर (चाक ज्यावर फिरतं तो भाग). गॅरेजात जॅकवर घेऊन पुढचं डावं चाक फिरवलं आणि माझा हात स्प्रिंगवर ठेवला. करकर तळहाताला कळत होती. बेअरिंग बसवायचा प्रेस पलीकडच्याच गाळ्यात.

सगळेच मिस्त्री असे नसतात. काही जण ऐकायच्या आधीच सस्पेन्शन खोलतात. आणि खड्ड्यातली खडखड (बहुतेक सस्पेन्शनचा लिंक रॉड नाहीतर रबरी बुश) किंवा स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावरची टकटक (ड्राइव्ह शाफ्टचा जॉइंट) असेल तर जवळ पडेल तिथं न्या, दोन्हीकडे सापडते. मोबाईलवर रेकॉर्ड करून मित्रांना पाठवू नका, नुसता वारा ऐकू येतो.

माझी वॉरंटी संपलेली, त्यामुळं मला बोलायला सोपं आहे म्हणा. उद्यमनगरात गेलात तर नव्या बेअरिंगचा खोका आणि जुनं बेअरिंग मागून घ्या. माझं जुनं अजून डिकीत आहे, बोटानं फिरवलं की करकरतं.