लघुचित्राचे ब्रश आणि बोअरचं पाणी

छत्रपती संभाजीनगरच्या औरंगपुऱ्यातल्या स्टेशनरीच्या दुकानात ‘बारीक कामाचा ब्रश’ मागितला की काउंटरवर हमखास तीन शून्यांचा ब्रश येतो. मोजके केस, सुईसारखा दिसणारा. लघुचित्राला तो फारसा कामाचा नाही. त्याच्या पोटात रंगच मावत नाही, त्यामुळे भुवईची रेघ अर्ध्यात येईस्तोवर टोक कोरडं पडतं आणि रेघ तुटते. मे महिन्यात कूलरच्या झोतात बसून काम करणाऱ्याला तर दर दोन सेंटिमीटरला पुन्हा रंग घ्यावा लागतो. एक नंबरचा ब्रश चांगला असेल तर त्याचं टोक तेवढंच बारीक येतं, वर पोटात रंगाचा साठा राहतो. शिवाय नंबरांचा कंपन्या-कंपन्यांत मेळ नाही. राफाएलच्या ८४०४ मालिकेतला एक नंबर विन्सर अँड न्यूटनच्या एक नंबरापेक्षा भरदार असतो. म्हणून ऑनलाइन मागवताना नंबराबरोबर केसांची लांबी आणि जाडी मिलिमीटरमध्ये दिली असेल तर तीही बघायची.

आधी सिंथेटिक. नायलॉन किंवा पॉलिएस्टरचे सोनेरी-तपकिरी तंतू, गोल बांधणी. पोस्टर कलर, गुआश (अपारदर्शक जलरंग) आणि ॲक्रिलिकसाठी पहिली पसंती हाच. वाकवला की चटकन सरळ होतो, त्यामुळे वासलीवर, म्हणजे थर चिकटवून केलेल्या जाड कागदावर, परदाजचे (छटा भरायचे) बारीक फटकारे मारताना हाताला नेमका अंदाज येतो. खोट दोन ठिकाणी. तंतू गुळगुळीत असल्यामुळे पाणी धरून ठेवत नाही, पहिल्या टेकवणीलाच जास्त रंग सोडतो. ब्रश भरला की आधी कपड्याला टेकवून मगच कागदावर न्यायचा. दुसरी खोट म्हणजे काही आठवड्यांत टोकाला बाक येतो. तो बराचसा काढता येतो. कपात गरम पाणी घ्या, उकळतं नको. फक्त केस १०-१५ सेकंद बुडवा, केस धरणारी पत्र्याची नळी पाण्याबाहेर ठेवा, बोटांनी टोक ओढून सरळ करा आणि लगेच गार पाण्यात धरा. तंतू उष्णतेने मऊ पडतो आणि गार होताना नवा आकार धरतो. नळी बुडवली तर आतला डिंक ढिला होऊन केस गळायला लागतात. दोन-तीन वेळा हा उपाय चालतो. त्यानंतर तो ब्रश रंग कालवायला.

कोलिन्स्की सेबल म्हणजे सायबेरियन वीझल या मुंगसासारख्या दिसणाऱ्या प्राण्याच्या शेपटीचे केस. केस मध्ये जाड, टोकाला निमुळता, अंगावर सूक्ष्म खवले. म्हणून पोटात पाणी राहतं आणि टोकातून सारख्या धारेने उतरतं. विन्सर अँड न्यूटनची सिरीज ७ हे यातलं जुनं नाव. १८६६ मध्ये राणी व्हिक्टोरियासाठी हे ब्रश बनवले गेले. त्यात आखूड केसांचा मिनिएचर प्रकारही मिळतो, पण नावाला भुलू नये. केस आखूड म्हणजे पोट लहान, आणि आपल्या कोरड्या हवेत पोटच हवं. नेहमीचा एक किंवा दोन नंबर घ्यावा. हे ब्रश महाग आहेत. ज्याचा हात अजून बसलेला नाही त्याने एवढे पैसे घालवू नयेत. आणि ॲक्रिलिक करणाऱ्याने तर मुळीच नाही. नळीच्या तोंडाशी ॲक्रिलिक एकदा वाळलं की केस फाकलेच म्हणून समजा. त्यावर स्पिरिट लावलं तर रंग थोडाफार निघतो, पण केसांतला ओलावाही जातो आणि ते ठिसूळ होतात.

‘जुन्या पद्धतीचा अस्सल ब्रश’ म्हणून कुणी मुंगसाच्या केसांचा दाखवला तर हात लावू नका. एकाच केसावर गडद-फिकट पट्टे दिसले तर संशय घ्या. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मुंगसाला संरक्षण आहे आणि या ब्रशची खरेदी-विक्री गुन्हा आहे. खारीच्या शेपटीचा ब्रश लघुचित्राच्या परंपरेतला खरा, पण बाजारात खारीचे म्हणून येणारे विदेशी ब्रश बहुधा वॉशसाठीचे, म्हणजे पातळ रंग पसरायचे असतात. मऊ, ताठपणा नाही, रेघेला बिनकामाचे.

दुकानात परीक्षा कशी करायची? नव्या ब्रशचं टोक डिंकाने चिकटवलेलं असतं, त्यामुळे कोरडं टोक बघून काही कळत नाही. “काका, जरा ग्लासभर पाणी देता का?” म्हणायला लाजू नका. जो दुकानदार नाही म्हणेल त्याच्याकडून महागडा ब्रश घेऊच नये. केस पाण्यात फिरवून डिंक घालवा, मनगटाने एक झटका द्या. टोक आपोआप एकत्र आलं पाहिजे. दोन टोकं झाली किंवा एखादा केस बाजूला राहिला तर दुसरा मागा. एकाच डब्यातल्या ब्रशांतही फरक असतो. मग ओला ब्रश अंगठ्याच्या नखावर हलका दाबून उचला, लगेच सरळ व्हायला हवा. नळीवर उभा सांधा दिसतो का तेही बघा. सांध्यातून पाणी दांड्यात शिरतं. ॲल्युमिनियमची नळी मऊ असते, तिची पकड लवकर सुटते. निकेल चढवलेली पितळी बरी. सेबल म्हणून दिलेल्या ब्रशचा गळलेला एखादा केस पेटत्या काडीवर धरा. जळक्या केसांचा वास आला आणि राख झाली तर केस खरा, वितळून गोळी झाली तर नायलॉन.

आता पाणी. मराठवाड्यात ब्रश वापराने कमी आणि पाण्याने जास्त मरतात. बोअरच्या जड पाण्यातला चुना नळीच्या तोंडाशी साचतो आणि पांढरी कड धरते. त्यात साबण मिसळला की फेस न होता चिकट साका होतो, तोही केसांच्या मुळाशी बसतो. मुळं फुगली की टोक फाकतं, आणि माणूस दोष ब्रशला देतो. रंगाच्या दोन्ही वाट्यांत जारचं किंवा फिल्टरचं पाणी घ्या: एक वाटी धुवायला, एक रंग पातळ करायला. दिवसाला दोन वाट्या म्हणजे पाणीटंचाईतही परवडणारी गोष्ट. कड धरलेला सिंथेटिक ब्रश एक भाग पांढरं व्हिनेगर आणि चार भाग पाणी यात दोन-तीन मिनिटं धरून स्वच्छ धुवा.

काम सुरू करताना कोरडा ब्रश थेट रंगात घालू नका. आधी पाण्यात भिजवा, टिपा, मग केसांच्या निम्म्यापर्यंतच रंग घ्या. नळीत गेलेला रंग सहसा बाहेर येत नाही. उन्हाळ्यात दर पाच-दहा मिनिटांनी ब्रश पाण्यात हलवा. रंग फारच लवकर वाळत असेल तर वाटीत ग्लिसरीनचा एक बारीक थेंब पुरतो. जास्त झालं तर पावसाळ्यात तो थर चिकटच राहतो. ब्रश ग्लासात टोकावर उभा ठेवणं ही सगळ्यांत सर्रास दिसणारी चूक. दहा मिनिटांत टोक मुडपतं आणि सेबलचं मुडपलेलं टोक पुन्हा पहिल्यासारखं होत नाही.

शेवटी धुताना अंघोळीचा साधा साबण तळहातावर घासा. ब्रश त्यावर एकाच दिशेने ओढा, गोल गोल घोटू नका. फेस पांढरा येईपर्यंत चालू ठेवा आणि नळीच्या कडेला केस दोन बोटांत हलके चुरा. लाल आणि निळा तिथेच लपून बसतात. मग टोक बोटांनीच वळा, ओठांनी नाही. ही सवय जुन्या हातांतही दिसते, पण हरताळ या पिवळ्या रंगात आर्सेनिक आहे, हिंगुळ या लाल रंगात पारा आणि जुन्या सफेद्यात, म्हणजे पांढऱ्या रंगात, शिसं. ब्रश आडवा वाळवा. ओला असताना उभा ठेवला तर पाणी दांड्यात उतरतं, लाकूड फुगतं, वरचा रंग तडकतो आणि वाळल्यावर नळी हलायला लागते.

पावसाळ्यात ओल्या ब्रशवर प्लॅस्टिकची टोपी घालू नका, बुरशी धरते. सेबल महिनोन्‌महिने पडून राहणार असेल तर डब्यात डांबरगोळी टाका. कसर नैसर्गिक केस खाते, सिंथेटिकला शिवत नाही.

सुरुवातीला सिंथेटिक एक नंबरचे दोन, भरायला चार नंबरचा एक आणि अस्तराच्या रंगाला अर्ध्या इंची चपटा, एवढं पुरे. सोनेरीसाठी मात्र वेगळा ब्रश आणि वेगळी वाटी. त्याचे कण धुऊनही राहतात आणि पुढच्या चित्राच्या आकाशात चमकतात. टोक गेलेला एक नंबरही टाकू नका. केस दोन मिलिमीटर ठेवून कापा. मोत्याच्या माळेला घट्ट सफेद्याचे उठावदार ठिपके देताना टोकदार ब्रशपेक्षा हा बोथटच नीट ठिपका ठेवतो.